घरी लघवीची नळी घेऊन आलात? फुगा, पिशवी आणि पुढचे सहा आठवडे

डिसेंबरातल्या एका पहाटे साडेतीनला अण्णांनी हाक मारली. वय ७४. संध्याकाळी सर्दीची एक गोळी घेतली होती. रात्री चार वेळा बाथरूमला जाऊन आले, थेंबही पडला नाही. ओटीपोट कलिंगडासारखं टणक. तालुक्याच्या दवाखान्यात नळी घातली आणि बघता बघता पिशवीत ९०० मि.ली. लघवी उतरली. अण्णा म्हणाले, "सुटलो रे बाबा." दुपारी आम्ही घरी. हातात एक कागद, मांडीला लोंबणारी पिशवी आणि "आठ दिवसांनी दाखवा" एवढा एक निरोप.

नळी बसली म्हणजे दुखणं मिटलं असं धरून आम्ही पाच आठवडे घालवले. त्यातले तीन तरी फुकट गेले. मी डॉक्टर नाही. अण्णांची नळी, तिचे घोळ आणि शेवटी झालेलं ऑपरेशन एवढाच माझा अभ्यास. तुमच्या रुग्णाला मधुमेह, हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असेल तर इथलं प्रत्येक वाक्य आधी तुमच्या युरोलॉजिस्टला (मूत्रविकारतज्ज्ञाला) विचारून घ्या.

१. आधी त्या फुग्याची ओळख करून घ्या

प्रोस्टेट म्हणजे पौरुषग्रंथी. ती मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला कडं घातल्यासारखी बसलेली असते. तरुणपणी अक्रोडाएवढी, वय वाढेल तशी वाढते आणि मधली वाट आवळत जाते. धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री उठावं लागतं. मग एखाद्या दिवशी सर्दीची गोळी, बद्धकोष्ठ, प्रवासात तासन्‌तास दाबून धरलेली लघवी, असं काहीतरी निमित्त होतं आणि वाट पूर्ण बंद. सर्दीच्या गोळ्यांमधली स्यूडोएफेड्रिन, क्लोरफेनिरामिन ही औषधं या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत. आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

जी नळी घालतात तिला दवाखान्यात सगळे 'फोलीज' म्हणतात. फ्रेडरिक फोली नावाच्या अमेरिकन युरोलॉजिस्टने १९३०च्या दशकात ती रूढ केली. नळीच्या आत दोन वाटा असतात. मोठीतून लघवी येते. दुसरी केसाएवढी बारीक, तिच्यातून सिरिंजने पाणी सोडलं की मूत्राशयात गेलेल्या टोकामागचा छोटा फुगा फुगतो आणि नळी तिथेच अडकून राहते. बाहेरून कुठेही टाका नाही. आत सुपारीपेक्षा थोडा मोठा, दहा मि.ली. पाण्याचा फुगा, आणि सगळा भार त्याच्यावर.

म्हणून पहिला नियम: फुगा रिकामा केल्याशिवाय नळी कधीही ओढायची नाही. झोपेत, पलंगावरून उठताना, कुणाचा पाय पिशवीत अडकून, कशानेही. फुगलेला फुगा मूत्रमार्गातून ओढला गेला तर मार्ग फाटतो, रक्तस्राव होतो आणि पुढे तिथे व्रण धरून वाट आणखी अरुंद होऊ शकते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विस्मरण असेल, हात सारखा नळीकडे जात असेल, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

नळीच्या बाहेरच्या टोकाशी, पाणी भरायच्या फाट्यावर आकडे छापलेले असतात. '१६' म्हणजे १६ फ्रेंच. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे ही नळी साधारण सव्वापाच मि.मी. जाड. रंगावरूनही कळतं: १४ हिरवी, १६ केशरी, १८ लाल. शेजारी फुग्याचं माप असतं. हे आकडे वाचता आले की नळी बदलायला आलेल्या माणसाशी बोलणं सोपं जातं.

२. दवाखान्यातून निघण्याआधी हे लिहून घ्या

आमच्या कागदावर नुसतं 'कॅथेटराइज्ड' (नळी घातली) एवढंच होतं. दुसऱ्या दवाखान्यात गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, "नळी कोणती? कधी घातली? पहिल्यांदा किती निघाली?" मी गप्प. तुम्ही हे सगळं मागून घ्या:

- नळी घातल्याची तारीख, तिची जाडी, आणि ती लॅटेक्सची की सिलिकॉनची
- फुग्यात किती मि.ली. पाणी भरलंय
- पहिल्या तासात किती लघवी निघाली
- घालताना त्रास झाला का, रक्त आलं का
- नळी कधी काढून बघायची, आणि कुणाकडे

नळीच्या पाकिटावर स्टिकर असतो. तो फाईलमध्ये चिकटवा, नाहीतर मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

लॅटेक्सची नळी साधारण दोन ते चार आठवड्यांसाठी असते, पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत. आमची पिवळट लॅटेक्सची होती. ती पाचव्या आठवड्यापर्यंत तशीच राहिली, कारण तारीख कुणीच मोजत नव्हतं. काढली तेव्हा टोकाला बारीक वाळूसारखे खडे धरलेले. ते सिस्टरांनी ट्रेमध्ये वाजवून दाखवले.

आणखी दोन गोष्टी, ज्या विचारायला संकोच वाटतो. नळी घालताना शिस्नाची त्वचा मागे सरकवतात. काम झाल्यावर ती पुढे आणलीय ना, हे बघा. मागेच राहिली तर काही तासांत सूज येऊन त्वचा अडकते आणि ती वेगळीच आणीबाणी होते. दुसरी गोष्ट लघवीच्या मापाची. खूप तुंबलेली लघवी सुटल्यावर काही रुग्णांना नंतर धो-धो लघवी होते. तासाला २०० मि.ली.पेक्षा जास्त अशी सलग दोन-तीन तास येत राहिली तर शरीरातलं पाणी आणि क्षार निघून जातात. अशा माणसाला घरी न्यायचं नसतं. पहिले काही तास माप लिहा, आणि घाईने डिस्चार्ज मागू नका.

३. मेडिकलमधून काय आणायचं

दोन मोठ्या युरोबॅग, म्हणजे लघवीच्या पिशव्या (खाली तोटी असलेल्याच घ्या, म्हणजे नळीपासून न सोडवता रिकामी करता येते), बाहेर जाण्यासाठी मांडीला बांधायची एक लेग बॅग, कागदी चिकटपट्टी, हातमोजे, मापाच्या रेघा असलेला एक प्लास्टिकचा मग, आणि एक छोटी बादली. बादली कशाला ते पुढे येतंच. शिवाय एक वही.

४. रोजचं काम

*पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली.* हे वाचायला सोपं आहे. पण रिक्षात बसलं की माणूस पिशवी मांडीवर घेतो, पलंगावर झोपवताना कुणीतरी मदत म्हणून ती गादीवर ठेवतो. आम्ही तर पहिल्या फेरीला एक्स-रेच्या टेबलावर अण्णांच्या पोटावरच ठेवली होती, तीही वॉर्डातल्या मामांच्या सांगण्यावरून. लघवी उलटी आत जाते आणि जंतूही जातात. तिसऱ्या दिवशी अण्णांना हुडहुडी भरली. कारण तेच होतं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण तेव्हापासून पिशवी कधी वर गेली नाही.

*पिशवी जमिनीला टेकू द्यायची नाही.* आमचा पलंग बुटका, पिशवी हमखास फरशीवर लोळायची. शेवटी आईने स्वच्छ बादली पलंगाशेजारी ठेवली आणि पिशवीचा आकडा बादलीच्या काठाला अडकवला. बादलीत पिशवी. जमिनीला लागत नाही, लाथ बसत नाही, कधी गळली तर पसारा नाही. युरोलॉजिस्टनी ही युक्ती ऐकून मान डोलावली.

*नळी मांडीला चिकटवा, थोडा ढील ठेवून.* चिकटपट्टीने किंवा पट्ट्याने. पाय लांब केला तरी ताण येऊ नये एवढा ढील. रोज जागा बदला, त्वचा सोलवटते.

*धुणं.* दिवसातून एकदा आणि शौचानंतर, साबण आणि साध्या पाण्याने. नळी शरीरात शिरते तिथून बाहेरच्या दिशेने पुसायचं, उलट नाही. त्वचा मागे केली असेल तर पुढे आणायची. डेटॉल, स्पिरिट, पावडर, मलम काही लावू नका. आमच्या एका काकांनी हळदीचा लेप सुचवला होता. नको.

*पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा.* आधी हात धुवा, तोटी मगाच्या काठाला लागू देऊ नका, माप वहीत लिहा. पिशवी भरून जड झाली की तिचं वजन त्या फुग्यावर येतं. नळी आणि पिशवीचा जोड उगाच सोडवायचा नाही. जितक्या वेळा तो उघडेल तितकी जंतूंना वाट.

*पाणी.* दिवसाला दोन ते अडीच लिटर, हृदय-किडनीच्या डॉक्टरांनी बंधन घातलं नसेल तर. लघवी फिकट पिवळी राहिली पाहिजे. चहाच्या रंगाची झाली की पाणी कमी पडतंय.

*पोट साफ राहू द्या.* याला मी वेगळी ओळ देतोय, कारण रात्री-अपरात्री केलेल्या आमच्या निम्म्या फोनांचं मूळ हेच निघालं. आतडं भरलेलं असलं की ते नळीवर दाबतं, लघवी बाजूने झिरपते, कळा येतात. इसबगोल, पपई, ताक, थोडं चालणं, आणि गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेलं औषध.

आता त्या कळांबद्दल. दुसऱ्या रात्री अण्णा पलंगाचा लोखंडी गज धरून बसले होते, कपाळावर घाम, "लघवीला जायचंय, जायचंय". नळी तर आहे. मूत्राशयाला तो फुगा परका वाटतो आणि ते त्याला बाहेर ढकलू बघतं, त्याची ती कळ. त्याच वेळी नळीच्या बाजूने थोडी लघवी गळते. मला वाटलं नळी बारीक पडतेय, जाड घालायला हवी. इथे बरेच जण फसतात. जाड नळीने आणि मोठ्या फुग्याने कळा वाढतात. आधी बघायचं ते एवढंच: नळीला कुठे पीळ पडलाय का, ती मांडीखाली दबलीय का, पिशवीत लघवी येतेय का. येत असेल तर घाबरायचं कारण नाही. कळा थांबवायच्या गोळ्या मिळतात, पण त्या स्वतःहून घेऊ नका. त्यातल्या काही मूत्राशय सुस्त करतात आणि नळी काढायच्या वेळी अंगाशी येतात.

गावोगाव आणखी एक सल्ला मिळतो: "मूत्राशयाला व्यायाम म्हणून नळीला चिमटा लावा, दोन-दोन तासांनी सोडा." आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. चिमटा लावून विसरलात तर पुन्हा तुंबणार. स्वतःच्या मनाने नळीतून पाणी मारून ती 'साफ' करणंही तसंच.

लघवीच्या तपासणीत जंतू दिसले म्हणून लगेच अँटिबायोटिकच्या मागे लागू नका. नळी काही आठवडे राहिली की जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. ताप, थंडी, ओटीपोटात दुखणं, भ्रमिष्टासारखं बोलणं, असं काही असेल तरच त्या रिपोर्टाला अर्थ.

आणि एखाद्या सकाळी पिशवी जांभळी दिसली तर किंचाळू नका. बद्धकोष्ठ असलेल्या, बरेच दिवस नळीवर असलेल्या रुग्णांमध्ये जंतूंमुळे नीळीसारखा रंग तयार होतो. डॉक्टरांना कळवा, पण रात्री अँब्युलन्स बोलवायची गरज नाही.

५. हे दिसलं तर मात्र निघाच

- दोन-तीन तास पिशवीत काहीच नाही आणि पोट फुगतंय, दुखतंय
- थंडी वाजून ताप
- लघवीत रक्ताच्या गाठी, किंवा लघवी टोमॅटोच्या सारासारखी लाल (हलकी गुलाबी छटा पहिल्या एक-दोन दिवसांत दिसू शकते)
- नळी बाहेर आली, मग फुगा फुगलेला असो वा फुटलेला
- अंडकोष सुजून दुखायला लागले

नळी निसटली तर ती फेकू नका, सोबत न्या. फुगा अखंड आहे का हे त्यांना बघायचं असतं. सिलिकॉनच्या फुग्यातलं पाणी आठवड्यांगणिक हळूहळू झिरपतं, त्यामुळेही नळी घसरते.

नळी बदलायला घरी कुणी येणार असेल तर दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. बधिर करणारी लिग्नोकेनची जेली सोडल्यावर तीन-चार मिनिटं थांबतात का? आणि फुगा फुगवण्याआधी नळी फाट्यापर्यंत पूर्ण आत घालून लघवी येताना बघतात का? नळी अर्धवट आत असताना फुगवलेला फुगा मूत्रमार्गात फुगतो. त्या क्षणी रुग्ण ओरडला तर "थोडं सहन करा" म्हणू नका, "थांबा" म्हणा. फुग्यात निर्जंतुक पाणी भरतात. सलाईनचे खडे बनून ती बारीक वाट बुजू शकते आणि मग फुगा रिकामाच होत नाही.

६. नळी काढून बघायचा दिवस

आम्ही वाया घालवलेले आठवडे इथले. नळी घालतानाच टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन किंवा सायलोडोसिन यांपैकी एक गोळी सुरू करतात. ती मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते. दोन-तीन दिवसांनंतर नळी काढून लघवी होते का हे बघता येतं. आम्हाला गोळीच दिली नव्हती. "आठ दिवसांनी" गेलो तर डॉक्टर रजेवर, मग संक्रांत, मग लग्न.

या गोळ्यांनी उठताना चक्कर येते, म्हणून रात्री झोपताना देतात. पहाटे उठताना अण्णांना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसवायचो. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीचं नाव आवर्जून सांगा. बुबुळ सैल पडतं आणि त्यांना वेगळी तयारी लागते.

काढायची वेळ सकाळची घ्या, म्हणजे पुन्हा तुंबली तर दवाखाना उघडा असताना कळेल. सिस्टर सुईशिवाय सिरिंज फाट्याला लावतात आणि दट्ट्या आपोआप मागे येऊ देतात. जोराने ओढलं तर फुग्याला घड्या पडतात आणि बाहेर येताना त्या खरवडतात. दहा भरलं होतं तर दहाच्या आसपास परत आलंय ना, हे तुम्हीही मोजा. म्हणून तर तो आकडा कागदावर हवा.

मग तासाला एक पेला पाणी. एकदम दोन लिटर ढोसायचं नाही. प्रत्येक वेळची लघवी मगात मोजायची. दोन-तीन वेळा झाल्यावर सोनोग्राफीत मागे किती उरली ते बघतात. अण्णांची पहिली वेळ ६० मि.ली., दुसरी ४०, आणि मागे ४५० शिल्लक. चार वाजता नळी परत आत. ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

पहिल्यांदा जमलं नाही तर गोळी चालू ठेवून पुन्हा एकदा प्रयत्न करतात. तेही नाही जमलं तर पुढचा रस्ता.

७. पुढचे रस्ते, आणि तो दुसरा फुगा

सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'ग्रेड २ प्रोस्टेटोमेगली', म्हणजे वाढलेली प्रोस्टेट, असं वाचून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. ग्रंथीचा आकार आणि अडथळा यांचं गणित सरळ नाही. ३५ ग्रॅमची ग्रंथी लघवी बंद पाडते, ८० ग्रॅमची कधी कधी काहीच करत नाही. डॉक्टर बघतात ते हे: किडन्यांवर सूज आहे का, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची खूण) किती, मूत्राशयात जोर उरलाय का. पीएसए ही प्रोस्टेट कॅन्सरची शंका तपासणारी रक्तचाचणी नळी घातल्या घातल्या करू नका. लघवी तुंबल्याने आणि नळीने आकडा वाढतो आणि घरात कॅन्सरच्या नावाने रडारड होते. काही आठवडे थांबून करतात.

ऑपरेशनांत टीयूआरपी, म्हणजे दुर्बिणीने आतून ग्रंथी कोरून काढणं, अजूनही सर्वांत रुळलेलं. मोठ्या ग्रंथीसाठी होल्मियम लेसर. भूल झेपत नसेल किंवा मूत्राशयच थकलेलं असेल तर दिवसातून तीन-चार वेळा पातळ नळी स्वतः घालून काढायची पद्धत आहे. १९७२ साली जॅक लॅपिडिस या डॉक्टरांनी ती मांडली. कायमच्या नळीपेक्षा तिच्यात जंतुसंसर्ग कमी होतो. ऐकून अंगावर काटा येतो, पण शिकता येते.

आता फुग्याचं. आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "फुग्याने प्रोस्टेट उघडतात, कापाकापी नाही." हा फोलीचा फुगा नव्हे. फोलीचा फुगा फक्त नळी अडकवून ठेवतो, वाट रुंद करत नाही. हा दुसरा फुगा थेट ग्रंथीच्या मधोमध फुगवून वाट रुंद करतात. १९८०च्या दशकात हा प्रयोग बराच गाजला, पण सुधारणा टिकत नव्हती आणि तो मागे पडला. अलीकडे तो नव्या रूपात आलाय: ऑप्टिल्यूम बीपीएच नावाच्या फुग्याला २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली. तो ग्रंथीचे दोन भाग पुढच्या बाजूने विलग करतो, आणि फुग्यावर पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा लेप असतो, उघडलेली वाट पुन्हा सांधून येऊ नये म्हणून. कॅन्सरवर वापरतात तेच हे औषध. त्यामुळे शरीरसंबंधाबाबत काही काळ पाळायची पथ्यं असतात, ती विचारून घ्या.

कुणी हा उपाय सुचवला तर तीन प्रश्न विचारा. ग्रंथी किती ग्रॅमची आहे आणि मधला लोब (ग्रंथीचा मधला भाग) मूत्राशयात घुसलाय का? तुम्ही असे किती रुग्ण केलेत? आणि ज्या रुग्णांवर अभ्यास झाला त्यांत आमच्यासारखे, नळीवर असलेले, होते का? आमच्या डॉक्टरांनी तिसऱ्या प्रश्नावर हसून सरळ टीयूआरपीची तारीख दिली. अण्णांचा मधला लोब मोठा होता.

८. कागद आणि पैसे

फाईलमध्ये: डिस्चार्ज कार्ड, नळीचा स्टिकर, सोनोग्राफी, क्रिएटिनिन, साखर, लघवीचं कल्चर, हृदयाचा ईसीजी, आणि चालू औषधांची यादी. यादीत अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर लाल शाईने लिहा. ती कधी बंद करायची हे हृदयाचे डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) बसतो. आधार आणि रेशनकार्ड घेऊन भरती व्हायच्या आधी त्याला भेटा. भरती झाल्यावर आठवलं की धावपळ होते. सत्तरीपुढच्यांसाठी २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड निघालंय, उत्पन्नाची अट नाही. आधारवरची जन्मतारीख तपासून घ्या. अण्णांच्या आधारवर ते चार वर्षांनी लहान होते, नशीब तरी सत्तरीला टेकले होते.

९. ऑपरेशननंतरची नळी

ती पुन्हा फोलीच, पण तीन वाटांची आणि जाड. तिसऱ्या वाटेने सलाईन आत जातं आणि रक्त धुऊन बाहेर येतं. पिशवीत दिसतं ते सगळं लघवी नसतं. आत गेलेलं सलाईन वजा करून उरतं ते लघवीचं माप, म्हणून किती बाटल्या गेल्या ते वहीत लिहीत राहा. रात्री दोनला सिस्टरांनी आमच्याच वहीवरून आकडा घेतला. अण्णांची नळी तिसऱ्या दिवशी निघाली. पहिले काही आठवडे घाई लागते, कधी थेंब गळतो, दहाव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास खपली सुटून थोडं लाल दिसतं. जड उचलायचं नाही, दुचाकी नाही.

वापरलेल्या पिशव्या संडासात रिकाम्या करून, कागदात गुंडाळून, वेगळ्या ठेवून घंटागाडीवाल्याला सांगूनच द्या. न उघडलेल्या दोन आमच्याकडे उरल्या होत्या. त्या गल्लीतल्या एका घरी गेल्या, बादलीसकट.